मिठाला जागायचे कोणी?

मीठ हे विष आहे असे कोणी सांगितले, तर आपल्या घरची आजी हसेल. तामारिनच्या मिठागरांतले पांढरे ढीग पाहत आपल्या कित्येक पिढ्या वाढल्या. त्याआधी कोकणच्या किनाऱ्यावर आपल्या पूर्वजांनीही मिठागरेच पाहिली. तरीही कॅनडाच्या सरकारने २००१ साली रस्त्यांवर टाकल्या जाणाऱ्या मिठाला पर्यावरणास घातक, विषारी ठरविले. ही हकिकत वाचकांनी समजून घ्यावी असे आम्हांस वाटते. ज्यांची मुले-नातवंडे टोरोंटोच्या बाजूला स्थायिक झाली आहेत, त्यांनी तर अवश्य.

टोरोंटोच्या उत्तरेस रिचमंड हिल हे दोन लाखांवर वस्तीचे शहर आहे. यंग स्ट्रीट त्याच्या मधून जातो, पूर्वेच्या कडेने ४०४ क्रमांकाचा महामार्ग. हिवाळ्यात बर्फ पडला की मिठाच्या गाड्या निघतात. खारे पाणी शून्य अंशाखालीही चटकन गोठत नाही, म्हणून मोटारी घसरत नाहीत आणि माणसांचे प्राण वाचतात. हा उपकार आम्ही नाकारीत नाही. साऱ्या कॅनडात दर हिवाळ्यात असे अंदाजे ५० लाख टन मीठ रस्त्यांवर पडते.

परंतु बर्फ वितळला तरी मीठ कोठे जाते? ते पाण्याबरोबर ओढ्यात, तळ्यात आणि जमिनीत उतरते. रिचमंड हिलच्या उत्तर भागातून ओक रिजेस मोरेन ही हिमनद्यांनी रचलेली वाळू-खडीची टेकाडे जातात. पावसाचे पाणी तेथे मुरते. डॉन, हंबर, रूज या नद्यांचे उगम त्याच परिसरात आहेत. नद्यांच्या उगमाशीच मीठ पडते, ही चिंतेची गोष्ट आहे.

सरकारी शास्त्रज्ञांनी १९९५ पासून हा अभ्यास केला. खाऱ्या पाण्याने गोड्या पाण्यातले जीव मरतात, रस्त्याकडेची झाडे करपतात, मिठाचे खडे टिपणारी पाखरे दगावतात, असे त्यांनी दाखवून दिले. पुढे २०११ साली पाण्यातील जीवांसाठी दीर्घकाळची मर्यादाही ठरली : लिटरमागे १२० मिलिग्रॅम क्लोराइड.

आता पुढची गोष्ट ऐका. एवढ्या अभ्यासातून २००४ साली निघाली ती एक आचारसंहिता, आणि तीही ऐच्छिक! सार्वजनिक रस्त्यांवर वर्षाला ५०० टनांहून अधिक मीठ वापरणाऱ्यांनी नियोजन करावे, साठे झाकून ठेवावेत, वापर मोजावा, एवढे तिच्यात आहे. तेवढ्यानेही काही सुधारणा झाली, हे मान्य. पण दुकानांपुढचे मोटारतळ आणि खाजगी आवारे तिच्या कक्षेबाहेरच राहिली. कोणी पाय घसरून पडला तर दावा होईल, या भीतीने मालक मूठभर पुरेल तेथे पोतेभर मीठ ओततात. अमेरिकेतील न्यू हॅम्पशायर राज्याने २०१३ पासून यावर तोड काढली : मीठ बेताने टाकण्याचे शिक्षण घेऊन जो प्रमाणपत्र मिळवितो, त्याला अशा दाव्यांपासून कायद्याने संरक्षण मिळते. कॅनडालाही हे जमण्यासारखे आहे.

वाचक म्हणतील, आपल्या बेटावर बर्फ कोठे पडतो? बर्फ पडत नाही, पण अहवाल पडतात. आपल्या रस्त्यांवर पाच लाखांहून अधिक वाहने आहेत, नवे रस्ते होत आहेत, २०२० पासून मेट्रोही धावू लागली. मोठ्या कामांआधी पर्यावरणाचा अहवाल होतो आणि तो जनतेला पाहावयास खुला असतो. आपल्यापैकी किती जण तो पाहतात? आणि अहवालात लिहिलेली अट काम झाल्यावर पाळली गेली काय, हे कोण विचारतो?

आमचे म्हणणे एवढेच : संशोधन करणे हे सरकारचे अर्धे कर्तव्य झाले. सक्ती नसेल तर उत्तम अहवालही पालथ्या घड्यावरचे पाणी. खाल्ल्या मिठाला जागावे, असे आपल्या वडीलधाऱ्यांनी शिकविले. जी जमीन आणि जे पाणी आपल्याला पोसते, त्याच्या मिठाला सरकारने जागावे. आणि सरकार विसरले, तर नागरिकांनी त्याला जागे करावे.