‘वा, छान!’ हा अभिप्राय नव्हे

हौशी छायाचित्रकाराने आपले चित्र चारचौघांपुढे ठेवावे आणि चारचौघांनी ‘वा, छान!’ म्हणून चहाकडे वळावे, या प्रथेला आमच्या मंडळांतून रसिकता म्हणण्याची रीत पडली आहे. आमच्या मते ही रसिकता नव्हे. हा आळस आहे, आणि त्याच्या पोटात थोडी भीतीही आहे. भीतीचे कारण उघड आहे. इंदूर, उज्जैन, देवास, ग्वाल्हेर येथे पिढ्यान्‌पिढ्या नांदलेल्या मराठी घराण्यांचा गोतावळा लहान. ज्याच्या चित्राला नावे ठेवावीत तो कोणाचा तरी भाचा, कोणाच्या तरी वहिनींचा भाऊ निघतो, आणि गणेशोत्सवाच्या वर्गणीला पुन्हा त्याच्याच दारी जावयाचे असते. मग कवितासंग्रह असो, नाट्यप्रयोग असो की छायाचित्र, आम्ही सर्वांच्या पदरात सारखेच ‘छान’ टाकून मोकळे होतो. लाला दीनदयाळ इंदुरातच बांधकाम खात्यात नोकरी करताना छायाचित्रणाकडे वळले, हे प्रत्येक प्रदर्शनाच्या उद्‌घाटनात अभिमानाने सांगितले जाते. भाषण संपले की भिंतीवरच्या चित्रांविषयी मात्र कोणी चकार शब्द काढीत नाही.

खेळाच्या छायाचित्रापुरतेच बोलू. मध्य प्रदेश शासनाने २०१३ साली मल्लखांबाला राज्यक्रीडेचा दर्जा दिला. बाळंभटदादा देवधरांच्या नावाशी जोडलेली ही विद्या माळव्यात जोमाने चालते, आणि स्पर्धेला आईबाप, काका, मामा कॅमेरे घेऊन लोटतात. समजा, त्यांपैकी एकाने पताका केलेल्या मुलाचे चित्र आमच्यापुढे आणले. मुलाचे अंग खांबापासून आडवे, ध्वजासारखे निघाले आहे; पण पावले चौकटीबाहेर कापली गेली आहेत. खांब एका बाजूला कलला आहे. मुलाच्या डोक्यामागे फलकावरचे प्रमुख पाहुणे हसताहेत. आकृती किंचित पुसट आहे.

अशा वेळी ‘वा’ म्हणणाऱ्यांखेरीज आणखी एक जात पुढे सरसावते, ती यंत्रपंडितांची. लेन्स कोणती, शटरचा वेग किती, आयएसओ एवढा का चढविला, चित्रात दाणे दिसतात ते पाहा! हे गृहस्थ परखड वाटतात, परंतु ते चित्राविषयी बोलत नसून दुकानाविषयी बोलत असतात. त्यांचा सल्ला ऐकून माणूस खिसा रिकामा करतो आणि पुढच्या वर्षी अधिक महाग कॅमेऱ्याने तीच पावले कापतो.

प्रामाणिक अभिप्राय द्यावयाचा तर आधी खेळ ठाऊक हवा. मल्लखांबात गुडघा वाकला, पायाची बोटे ढिली पडली, तर पंच गुण कापतात. त्या मुलाची वर्षभराची मेहनत ताणलेल्या अंगठ्याच्या टोकापर्यंत जाऊन पोहोचलेली असते. पावले कापणे म्हणजे वाक्य क्रियापदाआधीच तोडणे होय. खांब कलला ही निव्वळ नेटकेपणाची उणीव नव्हे. अंग आडवे धरले आहे की नाही हे ज्या उभ्या रेषेवरून समजायचे, तीच खोटी ठरली, तर पाहणाऱ्याने मोजावे कशाशी? फलकाची बाब त्याहून सोपी. दोन पावले बाजूला सरकून गुडघ्यावर बसले असते, तर पाहुणे गेले असते आणि मागे छताचा काळोख आला असता. आणि पुसटपणा? उडी टिपावयाची तर सेकंदाच्या हजाराव्या भागाची भाषा करावी लागते. पताका तर क्षणभर स्थिर धरावीच लागते, तेथे अडीचशेवा भागही बहुधा पुरतो. तो स्थिर क्षण केव्हा येतो हे कळण्यासाठी आधीचे चार स्पर्धक कॅमेरा खाली ठेवून पाहावे लागतात. सभागृहाच्या अपुऱ्या प्रकाशात आयएसओ चढवून दाणे पत्करावेत. दाणे खपतात, हललेली आकृती खपत नाही. एवढे सांगायला फार तर दहा मिनिटे लागतात, आणि यातले बहुतेक बिनखर्चाचे आहे.

उभे कोठे राहावे याला किती मोल असते, हे २५ मे १९६५ रोजी अमेरिकेतील लुइस्टन येथे झालेल्या अली–लिस्टन मुष्टियुद्धाच्या चित्रात दिसते. बावीस वर्षांच्या नील लाइफर यांनी पडलेल्या लिस्टनवर गरजणारा अली टिपला. त्याच चित्रात अलीच्या पायांमधून पलीकडच्या बाजूचा दुसरा छायाचित्रकार दिसतो. तोही नामांकित, पण त्याच्या वाट्याला अलीची पाठ आली. पुढे जगभर गाजलेले हे चित्र ज्या साप्ताहिकासाठी काढले, त्याने ते तेव्हा मुखपृष्ठावर घेतले नव्हते. तत्काळ मिळालेल्या वा न मिळालेल्या दादीवर चित्राची किंमत ठरविणाऱ्यांनी याचा विचार करावा.

यावर ठरलेला आक्षेप असा की, नवख्याचा हिरमोड होतो. आम्हांला हा आक्षेप मुळीच मान्य नाही. आखाड्यात तोच मुलगा खांबावरून घसरतो, तेव्हा वस्ताद ‘छान घसरलास’ म्हणत नाहीत. ‘अढी आवळ, गुडघा ताठ’ म्हणतात, आणि आईबाप कृतज्ञतेने हात जोडतात. मुलाने सोसावे आणि त्याचे चित्र काढणाऱ्या काकांनी मात्र सोसू नये, हा कोठला न्याय? हिरमोड होतो तो उपहासाने, आणि त्याहून अधिक उदासीनतेने. तीन वर्षे ‘छान’ ऐकून चौथ्या वर्षी कॅमेरा कपाटात टाकणारे आम्ही पाहिले आहेत. आपले चित्र कोणी पाहतच नाही, हे त्यांना उमगलेले असते.

अर्थात मागणाऱ्यानेही काही पाळावे. ‘गर्दीने धक्का दिला, उजेड नव्हता’ हे पुराण आधी लावू नये. चित्राबरोबर ते पुराण भिंतीवर टांगता येत नाही. ‘कसे वाटले?’ असे विचारले की ‘छान’ हेच उत्तर येणार. ‘तुमची नजर आधी कोठे गेली?’ असे विचारावे, आणि निवडलेल्या एका चित्राबरोबर त्या प्रसंगाची टाकून दिलेली दहा-बारा चित्रेही दाखवावीत. पुष्कळदा चांगले चित्र त्या टाकलेल्यांतच असते.

आमची मागणी मोठी नाही. येत्या प्रदर्शनात सर्वांना वाटली जाणारी प्रोत्साहनपर प्रमाणपत्रे बंद करावीत, आणि उद्‌घाटनाच्या भाषणांतून एक तास काढून एक छायाचित्रकार व एक मल्लखांबाचे वस्ताद यांना प्रत्येक चित्रापुढे उभे करावे. असे केल्याने प्रवेशिका घटतील, अशी भीती काही कार्यकर्ते घालतात. घटू द्याव्यात. निदान चित्रे गुडघ्याच्या उंचीवर दुसऱ्या रांगेत टांगावी लागणार नाहीत.