तात्या विंचूला नक्कल म्हणणाऱ्यांना

पांढुर्ण्याला गेलो होतो ते एका लग्नाला. नागपूर मागे पडलं की थोड्या वेळात महाराष्ट्र संपतो. पाट्या हिंदी होतात, माणसं मात्र मराठीच बोलत राहतात. १९५६ साली विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि छिंदवाडा जिल्हा मध्य प्रदेशात राहिला, त्याबरोबर सौसर आणि पांढुर्णाही तिकडेच राहिले. (२०२३ साली या दोन तालुक्यांचा मिळून वेगळा पांढुर्णा जिल्हा झाला.) महाराष्ट्राबाहेरचं मराठी म्हणजे काय, हे आम्हा गोमंतकीयांना कुणी समजावून सांगायला नको.

रात्री लग्नघरात पोरं मोबाइलवर ‘झपाटलेला’ बघत बसली होती. हिंदीतून! हिंदीत त्याचं नाव ‘खिलौना बना खलनायक’, आणि तात्या विंचूचा झालाय तात्या बिच्छू. मी चमकलो तेव्हा नवरीचे मामा म्हणाले, “आमच्याकडं तो हिंदीतच बोलते ना भाऊ.” यावर पणजीहून माझ्याबरोबर आलेला एक शहाणा म्हणाला, “मूळ पिक्चरच ‘चाइल्ड्स प्ले’ची कॉपी. कॉपी मराठीत बघितली काय नि हिंदीत काय!”

त्या वेळी मी गप्प बसलो, कारण मठ्ठा छान होता. उत्तर आता देतो.

आधी जे कबूल करायचं ते करून टाकतो. महेश कोठारे यांचा ‘झपाटलेला’ १९९३चा, ‘चाइल्ड्स प्ले’ १९८८चा. गोळी लागलेला गुन्हेगार मंत्र म्हणून आपला जीव बाहुल्यात घालतो, ज्याला पहिल्यांदा आपलं गुपित सांगितलं त्याच्याच शरीरात त्याला शिरता येतं, आणि बाहुला जिवंत आहे म्हणणाऱ्यालाच लोक वेडा ठरवतात. हे सगळं उचललेलं आहे. पण ‘पडद्यामागच्या गमती’ सांगणारे लोक इथेच थांबतात, आणि माझं भांडण तेवढ्यासाठीच आहे. उचललं काय हे त्यांना तोंडपाठ असतं. त्यात घातलं काय, हे कुणी बघतच नाही.

चकी हा कारखान्यातला बाहुला. त्याच्यासारखे हजारो दुकानात मांडलेले, आणि तो ज्याच्या हाती येतो तो सहा वर्षांचा पोरगा. आपला लक्ष्या बोलक्या बाहुल्यांचे खेळ करणारा शब्दभ्रमकार आहे. या एका बदलाने सगळी गोष्टच फिरते. बाहुल्याला बोलतं करणं हाच ज्याचा धंदा, तो जीव तोडून सांगतोय की हा बाहुला आपला आपण बोलतो! कोण ऐकणार? त्याची कला जितकी चांगली, तितका तो खोटा. आपलंच कौशल्य आपल्याविरुद्ध साक्ष देतंय, ही कल्पना मूळ हॉलिवूडपटात नाही. लक्ष्मीकांत बेर्डे त्या प्रसंगांत घामाघूम होतो तेव्हा आपण हसतो खरे, पण पोटात गोळाही येतो.

आणि ही कल्पना आली आपल्याच घरातून. तो बाहुला घडवला आणि हलवला रामदास पाध्ये यांनी. त्यांचे वडील य. के. पाध्ये शब्दभ्रमकार, अर्धवटराव त्यांचाच. म्हणजे तात्या विंचूला अमेरिकेत एक चुलता असेल, पण आजोबांचं घर इथलंच. आवाज दिलीप प्रभावळकरांचा, आणि माणूस असतानाचा तात्याही तेच. (याच प्रभावळकरांनी २००६ साली ‘लगे रहो मुन्नाभाई’त गांधीजी केले. तिथेही ते जवळजवळ शेवटपर्यंत एकट्या मुन्नालाच दिसतात. एकाच नटाच्या वाट्याला दोनदा हे भाग्य!)

आणखी एक. चकी मरतो तो काळजावर गोळी लागून. तात्याला मारायचं तर गोळी लागते दोन भुवयांच्या मधोमध. जिथे आपण गंध लावतो, कुंकू लावतो, तिथे. नुसती नक्कल करणाऱ्याला ही जागा बदलायची काय गरज होती?

असो. दुसऱ्या दिवशी मामा आम्हाला सौसर तालुक्यात जामसावळीला घेऊन गेले. तिथे मारुतीची मूर्ती आडवी आहे, झोपलेली. बाहेरची बाधा झाली असं ज्यांच्याबद्दल घरच्यांना वाटतं, त्यांना इथे आणतात. एक तरुण बाई दोन्ही बाजूंनी धरलेली होती. ती काहीतरी सांगत होती, नुसतं ओरडणं नव्हतं ते, नीट वाक्यं होती, मराठीच. धरणारे तिच्या तोंडाकडे बघत होते, पण ऐकत कुणीच नव्हतं. आमच्याकडे भार येतो, देवचार लागतो, घाडी बोलावतात. तिथेही एकदा ‘लागलंय’ असं ठरलं, की पुढे त्या माणसाचं बोलणं त्याचं राहतच नाही. लोक ते दुसऱ्या कुणाच्या तरी खात्यावर जमा करतात.

‘झपाटलेला’ हा अंधश्रद्धेचा सिनेमा म्हणून नाक मुरडणारेही मला भेटले आहेत. मंत्र आहे, बाबा चमत्कार आहे, हे खरंच. पण खऱ्या माणसाला वेडा ठरवणारा गाव त्यात हास्यास्पद दिसतो, आणि आपण अडीच तास त्या वेड्याच्या बाजूने असतो. किती गंभीर मराठी चित्रपटांनी एवढं केलंय? २०१३ साली ‘झपाटलेला २’ थ्रीडीमध्ये आला. बाहुला पडद्याबाहेर आला, पण पहिल्या भागातली ती एकट्या माणसाची तडफड मला त्यात सापडली नाही.

आता भाषेचं. शब्दभ्रमाच्या खेळात सगळं आवाजावर चालतं. ओठ बंद, आणि आवाज भलतीकडून. त्या बाहुल्याचा मूळ आवाज काढून हिंदी आवाज घातला, की उरतो खरोखरच मराठी टोपीतला चकी. कॉपी म्हणायचीच तर त्या डबिंगला म्हणा! आणि ती बघायची पाळी कुणावर आली? ज्यांच्या घरात मराठी आहे, पण जे नकाशात पलीकडे पडले, त्यांच्यावर. पांढुर्ण्याच्या पोराला तात्या विंचू मराठीतून ठाऊक नसावा, याची लाज मुंबई-पुण्याच्या वितरकांना वाटली पाहिजे. आमच्या त्या पणजीच्या शहाण्यालाही थोडी वाटायला हरकत नाही.

घरी परतल्यावर मामांना मराठी ‘झपाटलेला’ पाठवून दिला. आठ दिवसांनी त्यांचा फोन. आधी संत्र्यांचा भाव, मग नवरीची खुशाली, आणि ठेवता ठेवता म्हणाले, “पोट्टे दोनदा पाह्यले भाऊ. मराठीत तो जास्त भेव लावते.”