आनंदीबाईंची गोष्ट पूर्ण सांगू या

डॉ. आनंदीबाई जोशी म्हटले की आपल्या वर्गातली मुले तीन वाक्ये घडाघडा म्हणून दाखवतात: जन्म कल्याणचा, अमेरिकेत डॉक्टर झाल्या, लहान वयात वारल्या. तिन्ही वाक्ये खरी आहेत. पण या तीन वाक्यांत जे मावत नाही तेच जास्त नवलाचे आहे, आणि त्यातले बरेचसे आपल्या अंगणात घडलेले आहे.

मुलांनो, दाताच्या डॉक्टरकडे नंबर येईपर्यंत तुम्ही काय करता? आपल्या न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या मिसेस थिओडिशिया कार्पेंटर तिथे बसल्या बसल्या एक मासिक चाळत होत्या. त्यात एक पत्र होते. आपल्या पत्नीला शिकवायचे आहे, मदत मिळेल का, असे गोपाळराव जोशींनी १८८० च्या सुमारास वाइल्डर नावाच्या मिशनऱ्याला विचारले होते. आधी ख्रिस्ती व्हा, असा वाइल्डर यांचा सूर होता. तो जोशींना मान्य नव्हता. हा पत्रव्यवहार छापून आला नसता, किंवा त्या दिवशी कार्पेंटरबाईंचा दात दुखला नसता, तर पुढचे सगळे कसे झाले असते कोण जाणे! बाईंनी आपणहून पत्र लिहिले, आणि जून १८८३ मध्ये न्यूयॉर्कच्या बंदरावर आनंदीबाईंना उतरवून घ्यायलाही त्याच आल्या. आनंदीबाई नवऱ्याशिवाय आल्या होत्या. वय होते अठरा.

आता पालकांशी थोडे बोलायचे आहे. या गोष्टीतला कठीण भाग आपण गाळतो. नवव्या वर्षी लग्न झाले, चौदाव्या वर्षी मूल झाले आणि ते दहा दिवसांत गेले. डॉक्टर व्हायचे त्यांनी ठरवले ते यामुळे. ज्या गोपाळरावांनी शिकवले त्यांनीच अभ्यासावरून मारलेही, आणि हे आनंदीबाईंनी स्वतः पत्रात लिहून ठेवले आहे. "एवढ्या लहान मुलांना हे कशाला सांगायचे?" असे काही पालक म्हणतात. आम्हांला हे पटत नाही. इथल्या शाळेत आपली मुले गुलामगिरीचा इतिहास शिकतात, त्यातले चाबकाचे फटके कोणी वगळत नाही. मग आपल्याच घरातला इतिहास तेवढा गुळगुळीत करून का द्यायचा? अशाने मुलांना एक दिवस पुस्तकात खरे सापडेल आणि मग आपल्या बाकीच्या गोष्टींवरचाही त्यांचा विश्वास उडेल.

उलट बाजूने फुगवूही नये. आनंदीबाईंनी हजारो स्त्रियांवर उपचार केले असे भाषणांतून ऐकू येते. तसे घडले नाही. फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजातून ११ मार्च १८८६ रोजी त्यांना पदवी मिळाली (पंडिता रमाबाई खास इंग्लंडहून त्या समारंभाला आल्या होत्या). कोल्हापूरच्या अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलात स्त्रियांच्या विभागाची जागाही मिळाली. पण क्षयाने गाठले, आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्या गेल्या. बावीस वर्षेही पुरी झाली नव्हती. एकही दिवस त्यांना ते काम करता आले नाही. हे सांगितल्याने त्या लहान होत नाहीत.

शुक्र ग्रहावर त्यांच्या नावाचे सुमारे ३४ किलोमीटर रुंदीचे विवर आहे. ते पाहायला जाणे जरा अवघड! पण त्यांची रक्षा कार्पेंटरबाईंकडे पाठवण्यात आली होती, आणि बाईंनी ती न्यूयॉर्क राज्यातल्या पोकीप्सी गावी आपल्या कुटुंबाच्या दफनभूमीत ठेवली. तिथे आनंदीबाईंच्या नावाचा दगड आजही उभा आहे. शिक्षणासाठी हिंदुस्थान सोडणारी पहिली ब्राह्मण स्त्री, असे त्यावर इंग्रजीत कोरले आहे. जातीचा उल्लेख तिथे का आला असेल, यावर मोठ्या मुलांच्या वर्गात एक तास सहज बोलता येईल.

यंदाची सहल दरवर्षीच्या पार्कात न नेता पोकीप्सीला न्यावी, अशी आमची सूचना आहे. इथून गाडीने साधारण दोन तास लागतात, डबे बरोबर घेता येतील. दफनभूमी मोठी आहे, तेव्हा कार्पेंटर कुटुंबाची जागा नकाशावर आधीच शोधून ठेवायचे काम चौथीच्या वर्गाने घ्यावे.