लोट्याचे पाणी आणि प्रकाशाचे तंत्र

लोटे परशुरामच्या रासायनिक कारखान्यांचे सांडपाणी दाभोळ खाडीत जाते. जाळी रिकामी येतात, ही खाडीकाठच्या भोई समाजाची वर्षानुवर्षांची तक्रार. आता प्रकाशाने सांडपाणी शुद्ध करण्याचे तंत्र सांगितले जाते. टायटॅनियम डायऑक्साइडवर अतिनील किरण पडले की रंग, फिनॉल यांसारखी चिवट रसायने तुटतात. जपानच्या फुजिशिमा आणि होंडा यांनी १९७२ साली याच पदार्थावर प्रकाश टाकून पाण्याचे विघटन केले, तेव्हापासून संशोधन वाढत गेले.

आम्ही विज्ञानाचे विरोधक नाही. बाबासाहेबांच्या अनुयायांना ते शोभणारही नाही. पण उन्हात अतिनील किरण जेमतेम ५ टक्के, गढूळ पाण्यात तेही खोल शिरत नाहीत, आणि कोकणात पावसाचे चार महिने ऊन कुठले? मग विजेचे दिवे लावा. बिल कोण भरणार? शिवाय जड धातू प्रकाशाने नष्ट होत नाहीत, ते गाळात उरतात. तो गाळ उपसायला टाकीत कोणाला उतरवतात, हे आमच्या वाचकांना सांगायला नको.

शेजारच्या महाडला १९२७ साली आपण पाण्याचा हक्क बजावला. त्याच हक्काने आम्ही म्हणतो : तंत्र कोणतेही आणा, पण खाडीत पडणाऱ्या पाण्याची तपासणी भोयांच्या डोळ्यांसमोर करा आणि आकडे दर आठवड्याला ग्रामपंचायतीच्या फळ्यावर मराठीत लिहा.