नवव्या वर्षी मूल कुठे असते?

उज्जैनच्या भैरवगढात, बाटिक छापणाऱ्या एखाद्या घरात दुभंगलेल्या ओठाचे बाळ जन्मले तर आज त्याच्यासाठी बरेच काही होऊ शकते. ग्रहणात आईने सुरी हातात धरली असणार, हे आजीचे निदान अजून ऐकू येते. पण बाळाला शिबिराला न्यायलाही बहुधा तीच पुढे असते. काही महिन्यांचे असताना ओठ, वर्ष-दीड वर्षाच्या सुमारास टाळू. फोटो निघतात, पेढे वाटले जातात आणि केस बंद होते. आमची तक्रार आहे ती या केस बंद होण्याबद्दल.

दुभंग हिरडीच्या हाडातून गेला असेल तर त्या फटीच्या कडेलाच सुळा तयार होत असतो. त्याला उतरायला हाड हवे आणि तिथे हाडच नसते. कंबरेच्या हाडातला मऊ गर काढून ही फट भरण्याची पद्धत बॉइन आणि सॅण्ड्स यांनी 1972 साली मांडली. सुळ्याचे मूळ निम्मे ते दोन तृतीयांश झाले असताना, म्हणजे साधारण 9 ते 11 वर्षांच्या दरम्यान, ती करायची हे आता पदवीच्या पुस्तकांतही आहे. वेळेत ग्राफ्ट झाला तर बहुतेक सुळे भरलेल्या हाडातून आपले आपण उतरतात. काहींना उघडून, साखळी चिकटवून ओढावे लागते. तेच मूल पंधराव्या वर्षी आले की सुळा वर आडवा अडकलेला आणि शेजारच्या पटाशीच्या मुळाला एका बाजूने हाडाचा आधार नाही, असे चित्र समोर येते. शिवाय ती पटाशी ‘वाकडी आली’ म्हणून कुणीतरी आधीच उपटलेली असली, तर पुढे करण्यासारखे फार थोडे उरते.

नवव्या-दहाव्या वर्षी दुधाच्या सुळ्याच्या वर, ओठाच्या आतल्या बाजूने बोट फिरवले तर येणाऱ्या सुळ्याचा उंचवटा लागतो. एका बाजूला लागला आणि दुसऱ्या बाजूला नाही, तर एक्स-रे काढलाच पाहिजे. सीबीसीटीसाठी (त्रिमितीय स्कॅनसाठी) मोठे शहर गाठायची गरज लगेच नसते. दोन लहान फिल्म, दुसरीच्या वेळी नळी थोडी सरकवायची. दात नळीच्या दिशेने सरकलेला दिसला तर तो टाळूकडे आहे, उलट दिशेने गेला तर गालाकडे. दुभंगाच्या बाजूला मात्र बोटाला व्रणाची ताठर पट्टीच लागते. म्हणून त्या मुलाची ओपीजी, म्हणजे दोन्ही जबड्यांचा एकत्रित एक्स-रे, सातव्या-आठव्या वर्षीच काढावी, बोटावर विसंबू नये.

इथे एक सावधगिरी. एरिक्सन आणि कुरोल यांनी 1988 मध्ये दाखवले की दुधाचा सुळा वेळेवर काढला तर टाळूकडे भरकटलेल्या 46 पैकी 36 कायमच्या सुळ्यांनी आपली वाट सुधारली. हा आकडा आपल्या सगळ्या दंतवैद्यांना तोंडपाठ आहे, आणि म्हणूनच तो चुकीच्या जागी वापरला जातो. तो धड जबड्यातल्या दातांचा आहे. फटीत हाड नसताना केवळ दुधाचा सुळा काढून कायमचा दात खाली येईल, ही अपेक्षा फोल आहे.

क्लायडोक्रेनियल डिसप्लेजिया या हाडांच्या जन्मजात विकारात तर दुधाचे दात काढून वाट पाहण्याची हीच सवय अधिक महाग पडते. बाराव्या वर्षीही दुधाचे दात जागचे हलत नाहीत म्हणून ते सगळे उपटले जातात. कायमचे दात येतच नाहीत आणि शाळकरी वयात कवळी लागते. त्या हिरडीखाली जादा दातांची गर्दी असते, मुळे वयाच्या मानाने मागे असतात. जादा दात काढणे, कायमचे दात उघडणे, तारांनी ओढणे, हे सगळे मुळांची वाढ पाहून टप्प्याटप्प्याने करायचे काम आहे. दुधाचे दात हलत नसतील तर चिमटा उचलण्याआधी मुलाला दोन्ही खांदे छातीपुढे आणायला सांगा. ते जवळजवळ टेकले, तर निदानाची दिशा खुर्चीतच सापडते.

हनुवटीवर पडून जबड्याचा सांधा जखडलेल्या मुलांबद्दल एवढेच: आधी सांधा मोकळा करा, तोंड उघडण्याचे व्यायाम चिकाटीने करून घ्या. अडकलेल्या दाढांचा हिशेब नंतर.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी 2013 मध्ये आपल्या पालघरातून सुरू झाला. जन्मापासून 18 वर्षांपर्यंतची मुले त्यात येतात, दुभंगलेला ओठ-टाळू आणि दातांचे विकार दोन्ही यादीत आहेत, आणि शाळेत वर्षातून एकदा तपासणी अपेक्षित आहे. कागदावर तरी नववे वर्ष सुटलेले नाही. पण शाळेत आलेल्या पथकाला ओठावरचा जुना, नीट भरलेला व्रण ‘उपचार झालेला’ वाटतो. आतल्या सुळ्याची आठवण त्यांना आपणच करून द्यायला हवी. भैरवगढच्या कारागिराला इंदूरच्या शासकीय दंत महाविद्यालयापर्यंत मूल नेणे म्हणजे एक दिवसाची मजुरी सोडणे. ती तो सोडेल, पण कशासाठी आणि कधी, हे त्याला कुणी सांगितले पाहिजे.

तेव्हा शिबिरे घेणाऱ्या आमच्या शल्यचिकित्सक मित्रांना विनंती: टाळूच्या शस्त्रक्रियेनंतरच्या कार्डावर पुढच्या तपासणीची ओळही छापा. ‘वय 7 वर्षे, ओपीजी, ऑर्थोडॉन्टिस्टला दाखवणे’, हिंदीत आणि मराठीत. आणि गावातल्या दंतवैद्यांनी, असे मूल खुर्चीत बसले की दात काढण्याआधी ते कार्ड मागावे.