मैदान महाविद्यालयाचे, अटी कुणाच्या?

जिंतूरहून येलदरीकडे जाणाऱ्या रस्त्यावर पहाटे उभे राहा. वस्तीतली, तांड्यावरची पोरे अंधारात पळताना दिसतील. १६०० मीटरची धाव वेळेत बसली म्हणजे फौजेत नंबर लागला, एवढेच त्यांच्या डोक्यात असते. यातली बरीच नावे महाविद्यालयाच्या हजेरीपटावरही असतात.

भरती आता शिक्षणाच्या आवारातच आली आहे. ऑगस्ट २०२२ मध्ये तेव्हाच्या औरंगाबादेत अग्निवीर भरतीचा मेळावा झाला तो डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाच्या मैदानावर. परभणी जिल्ह्यातली पोरेही तिथेच धावली. ज्या विद्यापीठाच्या नावासाठी आमच्या माणसांनी जीव दिले, घरेदारे जळताना पाहिली, आणि १४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार मिळवला, त्या आवारात आमचे पोर पदवीसाठी जाते की चार वर्षांच्या करारासाठी, हे आम्ही विचारणारच.

वर्दीशी आमचे वैर नाही. रामजी सुभेदार फौजेत होते, म्हणून त्यांच्या घरात शिक्षण आले. पलटणीच्या शाळांनी आमच्या आजे-पणज्यांच्या हाती पाटी दिली. पण १८९२ मध्ये इंग्रजांनी 'लढवय्या जाती'चे खूळ काढून महारांची भरती बंद केली. १९१० मध्ये शिवराम जानबा कांबळे यांनी ती पुन्हा सुरू करावी म्हणून अर्ज केला. पहिले महायुद्ध आले तेव्हा गरज पडली आणि महार पलटण उभी राहिली. युद्ध संपल्यावर १९२१ मध्ये ती मोडली. १९४१ मध्ये बाबासाहेबांच्या प्रयत्नांनी बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली, ती हक्काची जागा म्हणून. गरजेपुरते बोलावणे आणि हक्काने घेणे यातला फरक आम्ही असा दोनदा भोगून शिकलो आहोत.

म्हणूनच जून २०२२ मध्ये आलेल्या अग्निपथ योजनेच्या अटी वकिलाच्या नजरेने वाचल्या पाहिजेत. योजना जाहीर झाली तेव्हा वयाची अट साडेसतरा ते एकवीस होती. मुदत चार वर्षे. पहिल्या वर्षी महिना ३० हजार. त्यातले ९ हजार कापून हाती २१ हजार. शेवटी सुमारे ११ लाख ७१ हजारांचा सेवानिधी मिळतो, पण त्यातला निम्मा वाटा पोराच्याच पगारातून कापलेला असतो. पेन्शन नाही, ग्रॅच्युइटी नाही. कायम होणार शंभरातले जास्तीत जास्त पंचवीस, आणि तिथेही निवडीचा हक्क कुणालाच नाही. मनात आले म्हणून मुदतीआधी सोडताही येत नाही. पोर अठरा वर्षांच्या आतले असेल तर अर्जावर आई-बापाची सही लागते. ऊसतोडीला गेलेल्या बापाला ही अट कोण वाचून दाखवतो?

निमलष्करी दलांत माजी अग्निवीरांसाठी जागा राखल्या आहेत, हे खरे. पण राखीव जागा म्हणजे हाती पडलेली नेमणूक नव्हे. शिवाय सैन्यभरतीत अनुसूचित जातींना आरक्षण नाही. बाहेर पडलेल्या पंचाहत्तरांत आमची किती पोरे असतील आणि तेवीस-चोवीसाव्या वर्षी, पदवी अर्धवट सोडून, ती कोणत्या दारात उभी राहतील?

फौजेत जाऊ नका, असे आम्ही सांगत नाही. ज्याला जायचे त्याने छाती काढून जावे. आमचे मागणे महाविद्यालयांकडे आहे. भरतीचे मार्गदर्शन जरूर ठेवा. त्याच दिवशी, त्याच फळ्यावर या अटी मराठीत लावा. सतरा वर्षांच्या पोराच्या बापाला बोलावून त्या वाचून दाखवा. शेजारी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीचा अर्ज, वसतिगृहाची माहिती आणि स्पर्धा परीक्षांच्या तारखाही लावा. पोर भरतीत गेलेच तर त्याची पदवी मुक्त विद्यापीठातून कशी पूर्ण होईल, हे जाण्याआधी लिहून द्या.

आणि पालकांनो, सही करण्याआधी कागद वाचा. वाचता येत नसेल तर वस्तीतल्या शिकलेल्या पोरीला हाक मारा, आमच्यासारख्या वकिलाकडे या. त्याची फी लागणार नाही. आपल्या लोकांनी अंगठे उठवून पुष्कळ गमावले आहे. आता वाचल्याशिवाय सही नाही, एवढा निर्धार तरी करू या.