गुण देता, मग गुरू कुठे आहे?

शास्त्रीय गायन-वादनाच्या मान्यताप्राप्त परीक्षा उत्तीर्ण झालेल्या मुलांना महाराष्ट्र शासन दहावीत वाढीव गुण देते. ते गायन-वादन शिकवायचे कोणी, हा प्रश्न मात्र त्या शासनाच्या कानी पडत नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने सहावी ते आठवीत शंभराहून अधिक मुले असतील तरच कलेला निदेशक सांगितला, तोही अंशकालीन. चित्र, नाट्य, नृत्य, गायन सारे त्या एकाच जिवाने पेलायचे! पनवेलकरांनी आपल्या मुलाच्या शाळेचे वेळापत्रक उघडावे आणि संगीताच्या तासाला वर्गात कोण उभे असते, हे मुलालाच विचारावे.

खारघर-कामोठ्याच्या ज्या घरात क्लासची फी आहे, तबल्याची जोडी आहे, संध्याकाळी सोडायला-आणायला मोकळे माणूस आहे, त्या घरचे मूल प्रारंभिक, प्रवेशिका अशा पायऱ्या चढत गुणांपर्यंत पोहोचते. आणि माथेरानच्या पायथ्याला, मालडुंगे-धोदाणीकडच्या वाडीत, ढोलाचा ठेका अंगात घेऊन वाढलेली कातकरी पोर, शाळेत शिकवणारा नाही, गावात क्लास नाही, परीक्षेचा अर्ज कुणी दाखवलेला नाही, म्हणून कोरडीच राहते. हे गुण विकत मिळतात.

संगीताने बुद्ध्यांक वाढतो, अशा जाहिरातींची भीक आम्हाला नको. १९९३ मध्ये मोत्सार्टचे संगीत ऐकवण्याचा तो गाजलेला प्रयोग झाला महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवर, परिणाम विरला काही मिनिटांत, आणि बाजाराने तान्ह्या बाळांच्या आयांना तबकड्या विकल्या! तीनतालाच्या सोळा मात्रा हातावर मोजणारे मूल चुकले तरी सम शोधून परत येते. चाळीस जणांत गाताना स्वतःचा आवाज आवरते, शेजारच्याचा ऐकते. वर्गात तोंड न उघडणारे मूल समूहगानात पहिल्यांदा मोठ्याने बोलते. एवढ्यासाठीच हा तास हवा, आणि तो प्रत्येकाला हवा.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने कला आणि विज्ञान यांमधली भिंत पाडण्याची घोषणा केली. घोषणा करणाऱ्यांना मुलांचा गळा आठवतो तो पाहुण्यांच्या स्वागतगीतापुरता. स्नेहसंमेलनाला वासुदेव बळवंत फडके नाट्यगृह भरते, पालक टाळ्या पिटतात, आणि रंगमंचावरची मुले ध्वनिमुद्रित गाण्यावर नुसते ओठ हलवतात. या देखाव्याला कलाशिक्षण म्हणणाऱ्यांना लाज वाटली पाहिजे.

कुरुंदवाडच्या विष्णु दिगंबर पलुसकरांनी १९०१ साली लाहोरात गांधर्व महाविद्यालय काढले ते राजाश्रयावर विसंबून नव्हे, लोकांच्या पाठबळावर; दरबारात आणि घराण्यांच्या उंबऱ्याआड अडकलेली विद्या त्यांनी सामान्यांच्या मुलांपुढे ठेवली. त्यांच्याच परंपरेतल्या परीक्षांना आज शासन गुण देते, आणि तीच विद्या फीच्या दाराआड कोंडू देते. पैशाअभावी शाळेत संगीतशिक्षक नेमला जात नाही, असे आम्ही मानत नाही. गाणे हे पोटभरल्यांचे चोचले, गरिबाच्या पोराला बाके आणि खिचडी पुरे, हा उद्दाम समज त्यामागे आहे.

प्रत्येक शाळेसाठी संगीतशिक्षकाचे पद मंजूर करा आणि ते भरा. ते जमत नसेल, तर हे वाढीव गुण आजच रद्द करा.